मागची नोंद कशी सापडते? फेरफाराची वही आणि संगणकातील फाइल

(भाषणाचा मजकूर, स्मरणिकेच्या वाचकांसाठी लिहून काढलेला)





विषय संगणकाचा असला तरी आरंभ मी जमिनीपासून करणार आहे. आपल्या जालना जिल्ह्यात, मग ते भोकरदन असो की परतूर, अंबड असो की मंठा, फेरफार हा शब्द ज्या घरात कधी उच्चारला गेला नाही असे घर विरळाच. वडील वारले, वारसांची नावे लावायची आहेत. शेत विकले गेले. सोसायटीचा बोजा चढला किंवा उतरला. अशा प्रत्येक वेळी फेरफाराची गाठ पडतेच. पण ही वही चालते कशी, याकडे आपण क्वचितच लक्ष देतो. ती थोडी समजून घेतली की संगणकातील एक मोठे अवघड वाटणारे प्रकरण आपोआप सोपे होईल.

गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. हाताने लिहिण्याच्या काळात तलाठी बदलाची नोंद प्रथम या वहीत धरीत असे. तिला अनुक्रमांक पडे. सातबाऱ्यावर तो क्रमांक आधी पेन्सिलीने लिहिला जाई. हितसंबंधितांना नोटीस निघे, हरकत घेण्यास १५ दिवसांची मुदत असे, आणि मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावर पेन्सिलीच्या जागी शाई येई. यातील खरी शहाणपणाची गोष्ट पुढे आहे. जुन्या खातेदाराचे नाव खोडून नाहीसे करीत नसत. त्याला कंस करीत. नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहीत. त्यामुळे सातबारा हाती घेणाऱ्यास आज कोणाचे नाव आहे हेही कळे आणि काल कोणाचे होते हेही कळे. आणि मधे काय घडले हे पाहायचे असेल तर वर्तुळातला आकडा घेऊन वही उघडावी, की कारण, तारीख आणि सही समोर. आता हे काम संगणकावर चालते, १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही मिळू लागला, पण वहीमागचा विचार बदललेला नाही.

चुकीची नोंद प्रमाणित झाली तर काय करतात? प्रांतांकडे अपील होते. निकाल लागतो. म्हणून कोणी वहीचे पान फाडीत नाही. त्या निकालाच्या आधारे नवा फेरफार धरला जातो आणि जुनी स्थिती परत येते. म्हणजे मागे जाणे हीसुद्धा एक नवी नोंदच असते. हे वाक्य कृपया ध्यानात ठेवावे. पुढे ते पुन्हा लागणार आहे.

मराठवाड्यात या प्रकरणाला आणखी एक थर आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची भाषा आधी फारसी आणि पुढे उर्दू. सन फसली. फसली सनात ५९० मिळविले की इसवी सन येतो. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. जुन्या इनामांचे मुंतखब उर्दूत. संस्थान विलीन झाल्यावर तयार झालेले १९५४-५५ चे खासरा पत्रक आजही बांधाच्या आणि हक्काच्या भांडणात काढले जाते. २०२३ साली अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, निजामकालीन दप्तरांचा शोध सुरू झाला, आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची एकाएकी आठवण झाली. त्या मागणीच्या राजकारणात मला येथे शिरायचे नाही. माझ्या विषयापुरता मुद्दा इतकाच की, जुनी नोंद कोणीतरी न खोडता ठेवली होती म्हणूनच ती शोधता आली. आणि ती वाचता येणारा माणूस असला तरच तिचा उपयोग. उर्दू माध्यमाच्या मुलांना कमी लेखणाऱ्यांनी या दुसऱ्या मुद्द्याचा जरूर विचार करावा. जिल्हा, तालुका, तहसील, दप्तर, नक्कल, जमाबंदी, खासरा हे मराठी कचेरीतले शब्द कोठून आले हे तर आपण जाणताच.

आता शेतातून शाळेत येऊ.

आपल्या शाळेचे जनरल रजिस्टर हेही असेच दप्तर आहे. त्यातील विद्यार्थ्याचे नाव किंवा जन्मतारीख मुख्याध्यापकांना मनास येईल तशी बदलता येत नाही; माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. परवानगी आली की जुन्या नोंदीवर एक आडवी रेघ, वर लाल शाईने नवी नोंद, शेजारी आदेशाचा क्रमांक, दिनांक आणि सही. जुने अक्षर रेघेखाली वाचता येते. पांढरी शाई लावलेले रजिस्टर कोणीही मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे.

आपल्या मुलांच्या बाबतीत या रेघेला फार किंमत आहे. एकाच मुलाचे आडनाव उर्दूत एका तऱ्हेने, मराठीत शेख, इंग्रजीत तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी. मोहम्मद, मुहम्मद, महंमद आणि नुसते मो. हे चारही एकच. आधार कार्डावर एक, दाखल्यावर दुसरे, बँकेच्या पासबुकावर तिसरे. अर्ज अडतो, शिष्यवृत्ती अडते, पुढे पासपोर्ट अडतो. त्या वेळी विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: प्रवेशाच्या दिवशी मूळ काय लिहिले होते, ते पुढे कोणी बदलले, केव्हा आणि कशाच्या आधारे?

कागदाच्या रजिस्टरात याचे उत्तर मिळते. संगणकात मिळतेच असे नाही.

संगणकाचा मूळ स्वभाव फेरफाराच्या वहीच्या उलट आहे. फाइल उघडली, बदल केला, सेव्ह केली, की मागचा मजकूर गेला. ना रेघ, ना कंस, ना वर्तुळातला आकडा. एक उदाहरण घेऊ. एका शाळेत ४०० विद्यार्थ्यांची यादी एक्सेलमध्ये आहे असे समजा. जनरल रजिस्टर क्रमांक, नाव, आईचे नाव, जन्मतारीख. नावे अकारविल्हे लावावी म्हणून कोणी फक्त नावाचा रकाना निवडला आणि क्रमवारीचे बटण दाबले. एक्सेल विचारते की शेजारचे रकानेही बरोबर घ्यायचे काय? घाईत ‘नको’ दाबले गेले. नावे हलली, जन्मतारखा जागीच राहिल्या. फाइल सेव्ह झाली, बंद झाली. आता प्रत्येक मुलासमोर भलत्याच मुलाची जन्मतारीख आहे, आणि यादी पाहणाऱ्यास काहीच खटकत नाही, कारण तारखा सगळ्या खऱ्याच आहेत! फाइल उघडी असेतो एक पाऊल मागे जाण्याची सोय असते. ती बंद झाली की सोयही संपते. हीच यादी दहावीच्या परीक्षा अर्जांसाठी वापरली गेली तर काय होईल, हे शिक्षकांना सांगायला नको.

यावर आपल्याकडचा उपाय सर्वांना परिचित आहे. ‘यादी अंतिम’, मग ‘यादी अंतिम २’, मग ‘यादी नक्की अंतिम’, मग ‘यादी सरांनी तपासलेली अंतिम’. कपाटात अशा दहा फाइली झाल्या की कोणती कोणाच्या आधीची, आणि कोणीतून कोणती निघाली, हे फाइल करणाऱ्यासही सांगता येत नाही. तरीही मी म्हणेन की काहीच न ठेवण्यापेक्षा हा गोंधळ बरा. पण याहून चांगली पद्धत अस्तित्वात आहे आणि ती फुकट मिळते.

संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्या मंडळींना ही अडचण आपल्या कितीतरी आधी भेडसावली. १९७२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी फाइलीच्या सर्व आवृत्त्या क्रमाने सांभाळणारी पहिली व्यवस्था तयार केली. पुढे १९८० च्या दशकारंभी पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी दुसरी केली. तिच्यात ताजी आवृत्ती पूर्ण ठेवीत आणि मागच्या आवृत्त्यांचे केवळ फरक ठेवीत, जेणेकरून जागा कमी लागावी. या प्रकारास आवृत्ती-नियंत्रण म्हणतात. आज सर्वाधिक वापरात असलेली व्यवस्था गिट ही आहे. लिनक्स या संगणक-प्रणालीचे जनक, मूळचे फिनलंडचे लिनस टोरवाल्ड्स यांनी ती एप्रिल २००५ मध्ये लिहिली. तोवर लिनक्सची मंडळी बिटकीपर नावाची एका कंपनीची व्यवस्था वापरीत. तिचा फुकट वापर बंद झाला आणि टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांत स्वतःची उभी केली. त्याच वर्षी जुलैत त्यांनी तिचा सांभाळ जुनिओ हमानो यांच्याकडे सोपविला. (‘गिट’ हा इंग्रजी बोलीत मूर्ख माणसासाठी वापरायचा शब्द आहे. नाव ठेवण्यातही हा गृहस्थ विनोदीच.)

गिट कसे चालते? तुम्ही एका फोल्डरला सांगता की आजपासून तुझी फेरफाराची वही सुरू. त्याची आज्ञा ‘गिट इनिट’. या आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टंकाव्या लागतात. येथे मी त्या उच्चाराप्रमाणे देत आहे. मग फाइलीत बदल केला की ‘गिट ॲड’ म्हणायचे. ही झाली पेन्सिलीची नोंद. मग ‘गिट कमिट’. ही शाईची नोंद. या दुसऱ्या आज्ञेबरोबर एक ओळ लिहावीच लागते: काय बदलले आणि का. उदाहरणार्थ, ‘आठवी ब, तीन नवे प्रवेश’, किंवा ‘रजिस्टर क्रमांक अमुक, आईचे नाव दुरुस्त, आदेश अमुक दिनांकाचा’. ‘किरकोळ बदल’ असे लिहिणाऱ्यास तलाठ्याने उभे केले नसते. गिट करते, पण सहा महिन्यांनी त्याचा पश्चात्ताप होतो.

प्रत्येक नोंदीला गिट स्वतःचा क्रमांक देते. तो साधा १, २, ३ असा नसतो. फाइलींतील मजकूर, नोंद करणाऱ्याचे नाव, वेळ, तुमची ती ओळ आणि मागच्या नोंदीचा क्रमांक या सर्वांवर गणित करून ४० चिन्हांची एक खूण काढली जाते. तिला बोटाचा ठसा समजा. मजकुरातील एक मात्रा बदलली तरी ठसा पार बदलतो. आणि प्रत्येक नोंदीच्या पोटात मागच्या नोंदीचा ठसा असल्यामुळे मधली एखादी जुनी नोंद गुपचूप बदलू म्हटले तर तिच्या पुढच्या सर्व नोंदींचे ठसे बिघडतात आणि ज्याच्याकडे मूळ प्रत आहे त्याला ते लगेच दिसते. हदीसच्या अभ्यासकांना हे परके वाटणार नाही. तेथे मजकूर एकटा येत नाही. कोणी कोणाकडून ऐकले ही सनद त्याच्याबरोबर येते, आणि साखळीतील एक कडी संशयास्पद निघाली तर पूर्ण रिवायत तपासणीखाली येते. तुलना येथेच थांबवितो. तेथे माणसाच्या सचोटीची पारख आहे, येथे नुसते गणित.

आता मूळ प्रश्न. ती बिघडलेली यादी परत कशी आणावयाची?

पहिले पाऊल, ‘गिट लॉग’ आणि पुढे फाइलीचे नाव. त्या फाइलीच्या सर्व नोंदी, ताजी सर्वांत वर, तारीख, नाव आणि कारणाच्या ओळीसह दिसतात. हीच आपली फेरफाराची वही. दुसरे पाऊल, कोणती नोंद बिघाडाची हे ठरविणे. यासाठी ‘गिट डिफ’ ही आज्ञा दोन आवृत्त्यांतील फरक ओळीओळीने दाखवते, गेलेली ओळ वजा चिन्हाने आणि आलेली ओळ अधिक चिन्हाने. तीन नवे प्रवेश झाले तर तीनच ओळी दिसायला हव्यात. ‘नावे अकारविल्हे लावली’ या नोंदीखाली जवळजवळ सर्वच ओळी बदललेल्या दिसतील, आणि त्यांत नाव व जन्मतारीख यांची जोडी फुटलेली दिसेल. सापडला चोर.

तिसरे पाऊल घाईने टाकू नये. पुष्कळ जण येथे थेट फाइल मागे नेतात. ‘गिट रिस्टोर’ या आज्ञेला ‘सोर्स’ म्हणून बिघाडाच्या आधीच्या नोंदीचा क्रमांक दिला (पहिली सात-आठ चिन्हे बहुधा पुरतात) की ती फाइल त्या दिवशी होती तशी समोर येते. ही आज्ञा २०१९ पासून आहे. त्याआधी हेच काम ‘गिट चेकआउट’ने करीत, आणि तेही अजून चालते. पण समजा, बिघाड सोमवारी झाला आणि मंगळवारी त्याच फाइलीत तीन नवी मुले भरली गेली. सोमवारच्या आधीची फाइल जशीच्या तशी आणली तर ती तीन मुले यादीतून गेली! म्हणून आधी ‘गिट शो’ने जुनी आवृत्ती वेगळ्या नावाच्या फाइलीत काढून घ्यावी. आताची फाइल आणि ही जुनी शेजारी ठेवाव्या. जनरल रजिस्टर क्रमांक जुळवून फक्त बिघडलेला रकाना जुन्यातून घ्यावा. तीन नव्या मुलांचे कागदावरून पाहावे. मग कागदी रजिस्टरशी दहा-वीस नावे ताडून पाहावी आणि मगच ‘गिट कमिट’ करावे, कारणासह: ‘सोमवारच्या क्रमवारीत नावे सरकली होती, आधीच्या नोंदीवरून पूर्ववत केली’.

प्रांतांच्या निकालाचे उदाहरण आठवा. मागे जाणे ही नवी नोंद. बिघाडाची नोंद वहीत तशीच राहते, आणि राहू द्यावी. पूर्ण नोंदच उलटवायची असेल तर ‘गिट रिव्हर्ट’ आहे. तीही उलट बदलाची एक नवी नोंदच घालते. पण ‘गिट रिसेट’ला ‘हार्ड’ जोडून दिलेली आज्ञा वेगळी. ती वहीची पुढची पाने बाजूला काढून मागच्या पानावर नेऊन बसविते, आणि जे काम अद्याप नोंदविलेच नव्हते ते कायमचे जाते. नोंदविलेले मात्र काही काळ सापडू शकते. ‘गिट रिफ्लॉग’ नावाची एक खासगी डायरी गिट ठेवते, आणि वाटेवरून निसटलेल्या नोंदींचा तीतील माग सहसा ३० दिवस राहतो. शाळेच्या कार्यालयात या ‘हार्ड’ आज्ञेचे काम पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

एका भ्रमापासून सावध राहावे. गिट परत देते ते ‘त्या दिवशी काय लिहिले होते’ हे. ते खरे होते की नाही, हे त्याला ठाऊक नसते. पहिल्याच दिवशी जन्मतारीख चुकीची टंकली असेल तर दहा आवृत्त्या मागे जाऊनही चूकच हाती येईल. खासरा पत्रकातही चुकीच्या नोंदी निघतात आणि कोर्टात त्यांच्यावर पुरावे द्यावे लागतात. तसेच, जे कमिटच केले नाही ते परत आणता येत नाही. महिन्यातून एकदा नोंद करणाऱ्यास महिनाभरापूर्वीचीच यादी मिळेल.

आपल्या कामाची आणखी एक व्यावहारिक अडचण सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे उर्दू मजकूर इनपेजमध्ये आणि मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत पडलेला असतो. गिट या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या सांभाळते आणि परतही देते, पण इनपेजच्या किंवा एक्सेलच्या फाइलीत ओळीओळीचा फरक ते सरळपणे दाखवू शकत नाही; ‘फाइल बदलली’ एवढेच सांगते. जुन्या फाँटातील मजकूर तर वाचता न येणाऱ्या चिन्हांचा ढीग दिसतो. यास्तव याद्या साध्या स्वल्पविरामी मजकुरात, म्हणजे सीएसव्हीत, आणि युनिकोडमध्ये ठेवाव्या. एक्सेलमधून सीएसव्ही काढताना यूटीएफ-८ हा प्रकार निवडावा, नाहीतर उर्दू आणि मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. फाइलीचे नाव देवनागरीत किंवा उर्दूत दिले तर गिट ते नाव कधी कधी आकड्यांच्या भाषेत दाखवते. त्याने घाबरू नये, मजकुराला काही झालेले नसते आणि ती सवय मोडण्याची सोयही आहे.

ज्या शाळेत हे सर्व जमणार नाही त्यांनी निदान यादी गुगल शीट्समध्ये ठेवावी. तेथे ‘फाइल’ या सूचीत ‘व्हर्जन हिस्टरी’ असते. त्यात जुन्या आवृत्त्या तारीख आणि बदल करणाऱ्याच्या नावासह दिसतात, आणि एका बटणाने परत आणता येतात. मात्र प्रत्येक कारकून-शिक्षकाचे खाते वेगळे हवे. चौघे एकाच खात्याने काम करू लागले की ‘कोणी बदलले’ या रकान्यात एकच नाव चारशे वेळा दिसते.

एक प्रश्न एका शिक्षिकेने नंतर विचारला. एखाद्या मुलीचा आधार क्रमांक चुकून यादीत राहिला, नंतर काढून टाकला, तर तो गेला ना? नाही, गेला नाही. आजच्या फाइलीतून गेला, वहीत आहे. कालची यादी जशी तुम्ही काढता तशी ती दुसराही काढील. म्हणून विद्यार्थ्यांच्या याद्या असलेली वही इंटरनेटवरच्या सार्वजनिक जागी कधीही ठेवू नये. ती कार्यालयाच्या संगणकावर असावी आणि तिची दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत, मुख्याध्यापकांच्या कुलपात. पूर्ण वहीची नक्कल काढण्यास ‘गिट क्लोन’ ही एकच आज्ञा पुरते, आणि त्या नकलेत पहिल्या दिवसापासूनच्या सर्व नोंदी येतात. दर सत्राच्या अखेरीस त्या प्रतीतून एक जुनी यादी काढून पाहावी आणि रजिस्टरातील पाच नावांशी ताडून घ्यावी. पेनड्राइव्ह बिघडलेला असला तर तो त्या दिवशी कळावा, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी नव्हे.